प्रतिमाला दिवस गेलेत

५ सप्टेंबर १९८२, रविवार
लाँग वीकएंड. प्रतिमाची पाळी चुकली. लग्नाला नऊ वर्षं झाली, कधी मागेपुढे झाली नाही. म्हणजे दिवस गेलेत. तिच्याआधी माझ्या लक्षात आलं. ती म्हणाली, दुसरंही काही असू शकतं. मी म्हटलं, दुसरं काय असणार? मी क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, कारण शोधणं हेच माझं काम.
मुलगाच होणार. आजपासून डायरी रोज. सिगारेट बंद.

७ सप्टेंबर
काल लिहायचं राहिलं. सिगारेट गॅरेजमध्ये ओढली, ती धरत नाही.
ड्रगस्टोअरमधून घरी करायची टेस्ट आणली. काचेची नळी, खाली आरसा. सकाळची लघवी घालायची आणि दोन तास नळी हलवायची नाही. तळाशी रिंग दिसली की झालं. दिसली नाही. प्रतिमा म्हणाली, निगेटिव्ह. मी म्हटलं, बाथरूमच्या भिंतीपलीकडे कपड्यांचा ड्रायर चालू होता, नळी थरथरली असणार. टेस्ट बाद.

१२ सप्टेंबर
दुसरी टेस्ट. ड्रायर, टीव्ही, सगळं बंद. प्रतिमालाही चालू दिलं नाही. टॉर्च मारल्यावर मला स्पष्ट रिंग दिसली. ती म्हणाली, ते तुमच्याच चष्म्याचं प्रतिबिंब आहे. चष्मा काढून पाहिलं. चष्म्याशिवाय मला काहीच दिसत नाही, त्यामुळे ते धरता येणार नाही.
या टेस्ट अमेरिकन बायकांवर बेतलेल्या असतात. आपल्याकडे वरण-भात.

२६ सप्टेंबर
विवेक आणि त्याची बायको मृणालिनी जेवायला. आम्ही इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीला आल्यापासून मृणालिनी प्रतिमाची जिवलग. हॉस्पिटलात पॅथॉलॉजीची डॉक्टर. तिला कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, दोन टेस्ट निगेटिव्ह आणि तरी पाळी नाही, तर थायरॉइड असेल, टेन्शन असेल, आणखी काही असेल. रक्त तपासून घ्या. मी हसत म्हटलं, तुझे पेशंट काचपट्टीवर असतात, ते काही बोलत नाहीत. विवेक हसला. बायका हसल्या नाहीत.

२८ सप्टेंबर
प्रतिमाने परस्पर बुधवारची अपॉइंटमेंट घेतली होती. मी ऑफिसातून फोन करून कॅन्सल केली. तिला सांगितलं, डॉक्टर सुट्टीवर गेलेत. आत्ता निगेटिव्ह ऐकलं की बाईचं मन खचतं, आणि ते बाळाला वाईट. हे सगळं तिला समजावत बसण्यात अर्थ नाही. नवऱ्याला काही गोष्टी एकट्याने पेलाव्या लागतात.

१० ऑक्टोबर
सिद्ध झालं!
सकाळी प्रतिमाच्या ब्लाउजवर ओले डाग. दूध. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. ती पलंगावर बसून रडत होती. म्हणाली, इतक्या लवकर दूध येत नाही हो, काहीतरी बिघडलंय. मी म्हटलं, जगात दूध दुसऱ्या कशाने येतं ते सांग.
नागपूरला आईला फोन. लाइन खराब होती, पण 'मुलगा' एवढं ऐकू गेलं.
प्रतिमाचं डोकं रोज दुखतं. ॲस्पिरिन मागत होती. दिली नाही. बाळाच्या बाबतीत मी कडक राहणार.

२४ ऑक्टोबर
प्रतिमाने गाडी रिव्हर्स घेताना मेलबॉक्स पाडला. म्हणे, दिसलाच नाही. एवढा पांढरा मेलबॉक्स! या दिवसांत बायका वेंधळ्या होतात असं वाचलंय. चाव्या काढून घेतल्या. आता तिला कुठे जायचं तर मला विचारावं लागतं, हे एका परीने बरं.
छोटी खोली निळी रंगवली. वासाने तिचं डोकं आणखी दुखलं. खिडकी उघडून दिली.

२० नोव्हेंबर, शनिवार
मराठी मंडळाची दिवाळी. नाटुकलं संपल्यावर मी माइक घेऊन बातमी जाहीर केली. जोरदार टाळ्या. प्रतिमा दगडासारखी उभी. एका काकूंनी बाजूने लाडवांचं ताट पुढे केलं, तर हिचा हात लागून ताट खाली. काकू म्हणाल्या, इतकी कसली धुंदी गं? मलाच सगळ्यांची माफी मागावी लागली.
गाडीत म्हणाली, मला दिवस गेलेले नाहीत. मला बाजूचं दिसत नाहीये. मला भीती वाटते. मी म्हटलं, मूड स्विंग्ज. सगळ्यांना होतात.
उद्यापासून तिच्याशी शांतपणे बोलायचं.

२३ नोव्हेंबर
काल मी ऑफिसात असताना मृणालिनी येऊन तिला घेऊन गेली. मला संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन, तसाच गेलो.
गर्भ नाही. नव्हताच. मेंदूखालच्या एका ग्रंथीत गाठ आहे. तिच्यामुळे दूध आणणारं हार्मोन वाढलं, म्हणून पाळी थांबली. गाठ वाढून आता डोळ्यांच्या नसांवर दाबतेय. कॅन्सर नाही. डॉक्टर, ज्यांची अपॉइंटमेंट घेतली होती तेच, म्हणाले, सप्टेंबरात आल्या असत्या तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. आता नाकातून ऑपरेशन.
प्रतिमाने त्यांना विचारलं, तुम्ही सप्टेंबरात सुट्टीवर होतात ना? डॉक्टर म्हणाले, नाही, इथेच होतो. मृणालिनी माझ्याकडे बघत होती. मी पार्किंगची वेळ संपली म्हणून खाली गेलो.
तरी मूळ मुद्दा राहतोच. दूध होतं. कोणीही हेच म्हटलं असतं.

३ डिसेंबर
ऑपरेशन व्यवस्थित. समोरचं स्वच्छ दिसतं. दोन्ही बाजूंचं परत आलेलं नाही, येईल याची खात्री नाही.
पलंगाच्या बाजूला उभा राहून तिला पुढचं सांगितलं. डॉक्टरांच्या मते पाळी परत सुरू होऊ शकते, मग मूलही होईल. निळा रंग तसाच ठेवू. बराच वेळ बोललो. तिने मान वळवली नाही. ऐकू येत नसेल असं वाटून पायथ्याशी, तिच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो.
तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, होतात तिथेच बाजूला थांबा. तिथे तुम्ही दिसत नाही.
थांबलो.