शेराच्या सत्याहत्तर अंघोळी

कंपू, लष्कर-ग्वाल्हेर
शनिवार, ता. २३ जानेवारी १९३७

प्रिय जयसिंहराव यांस शरच्चंद्राचा सप्रेम नमस्कार.

दोन महिन्यांवर होऊन गेले, तुम्हाला पत्र नाही. क्षमा करा. शाळेच्या परीक्षा, सौ.चे गुडघे, यंदाची थंडी अशी कारणे आधी एका कागदावर लिहिली आणि तो कागद फाडला. कारणे खरी आहेत, पण त्यांच्यामुळे पत्र राहिले नाही.

इकडे सर्व कुशल आहे. सौ. नमस्कार सांगते. थंडी अशी कोरडी आहे की शाळेत फळ्यावर लिहिताना बोटांना चिरा पडतात. उज्जैनीस एवढी नसेल. तुमचा रिसाला तिकडे गेल्यापासून छावनीतली सकाळ फार मुकी झाली आहे. घोड्यांच्या टापा ऐकून मी घड्याळ लावीत असे.

आता तुमच्या कुत्र्याविषयी, शेराविषयी. त्याची प्रकृती चांगली आहे, असे मी नोव्हेंबरात लिहिले होते. ते तेव्हाही पुरते खरे नव्हते.

तुम्ही त्याला माझ्याकडे ठेवलेत ते, तो छावनीत राहणाऱ्या तुमच्या बहीण उषाताईंना आवरत नाही म्हणून, आणि मी शब्दाचा पक्का म्हणून. आमच्या घरात देवघर आहे, सौ.चे सोवळे आहे, हे तुम्हाला ठाऊक होते. पहिल्या दिवशी तिने एवढेच म्हटले की, ओसरीवर घ्यायचा तर अंघोळ घालून घ्या. मी ते व्रतासारखे धरले. रोज सकाळी माझे स्नान झाले की विहिरीवर शेराचे. ऊन पाणी आणि कपड्यांचा साबण. मग तो शेगडीजवळ वाळत बसे आणि मी पूजेला बसे. यात मला थोडा अभिमानही वाटत होता, तोही लिहून टाकतो. कुत्रा पाळला पण घरचा आचार मोडला नाही, असा.

दिवाळीत तो खाजवू लागला. पाठीवर पांढरा कोंडा, पोटाला लाली, शेपटीच्या मुळाशी केस विरळ. मी साबण वाढवला. कोणी गंधक सांगितला, तो मोहरीच्या तेलात कालवून चोळला. बिचारा रडला, जयसिंहराव. मागच्या पायाने खाजवता खाजवता तोल जाऊन पडायचा, उठून पुन्हा खाजवायचा. आणि सकाळी बादली वाजली की स्वतः होऊन विहिरीकडे यायचा, मान खाली घालून.

शेवटी या महिन्याच्या नऊ तारखेला तुमच्या रिसाल्यातले जुने सालोत्री करीमबक्ष यांना घरी आणले. घोड्यांचे वैद्य कुत्र्याला हात लावतील की नाही अशी शंका होती, पण तुमचे नाव काढताच आले. शेराच्या कानांच्या कडा चोळून पाहिल्या, पुढच्या पायांची कोपरे पाहिली, कोंडा हातावर घेऊन उन्हात धरला. मग मला विचारले, "घर में और किसी को खुजली?"

"नहीं."

"कोट के अंदर भी नहीं? सच बोलिए, मास्टरसाहब, हकीम से शरम कैसी."

"नहीं."

"तो यह खाज की बीमारी नहीं है. चमड़ी सूखी है. नहलाते कितनी बार हैं?"

मी सांगितले. करीमबक्ष म्हणाले, "रोज? इतना तो धोबी भी नहीं पटकता. अल्लाह ने इसकी चमड़ी में अपना तेल दिया है, आप रोज सुबह उसे नाली में बहा देते हैं, फिर ऊपर से अंगीठी पर सेंकते हैं."

त्यांनी सांगितले ते तसेच करतो आहे. अंघोळ बंद, पुढे लागली तर महिन्यातून एकदा, कोमट पाण्याने, आणि अंगावर साबणाचा अंश राहू द्यायचा नाही. गंधक बंद. शेगडीपासून लांब, गोणपाटावर निजवायचे. रोज मऊ खराऱ्याने केसांच्या दिशेने हलका हात. भाकरीवर चमचाभर तिळाचे तेल, आणि फार कोरड्या जागी खोबरेलाचे एक बोट, जास्त नाही, नाहीतर चाटत बसतो. पाण्याचे भांडे सदा भरलेले.

चौदा दिवस झाले. लाली गेली, कोंडा निम्म्यावर आला, शेपटीच्या मुळाशी लव दिसते. काल दुपारी तो तासभर न खाजवता उन्हात झोपला होता. मी शेजारी वह्या तपासत होतो, आणि पान उलटल्याचा आवाज होईल म्हणून हात थांबवून बसलो.

सौ.ला विचारले, तू का बोलली नाहीस? म्हणाली, "चार दिवसांत मला सवय झाली असती. पण तुम्ही रोज बादली घेऊन उभे. तुमच्यापेक्षा कमी सोवळी मी कशी दिसू?"

इथे पत्र संपवता आले असते. पण तुम्ही डिसेंबरात एक प्रश्न विचारला होता, "ताईंनी लिहिले की काळू गेला, पुढे काही नाही. काय झाले?" मी त्या प्रश्नाला वळसा घालून इथवर आलो आहे.

ताईंचा काळू मेलेला नाही. तो गेला, तो माझ्यामुळे.

भाऊबीज आटोपून उषाताई तुमच्याकडून परतल्या आणि रविवारी शेराला भेटायला आल्या, बरोबर त्यांचा कुत्रा काळू, तोही तुमच्याकडे जाऊन आलेला. पुढे दर रविवारी येत. शेरा खाजवतच होता. काळू गल्लीत जन्मलेला, एक कान फाटका, रंग धड काळा नाही. माझ्या मनाने निकाल आधीच दिला होता. सहा डिसेंबरला मी छावनीत गेलो आणि त्यांच्या दारात उभा राहून, त्यांना कमी ऐकू येते म्हणून मोठ्या आवाजात म्हणालो, "तुमच्या काळूला खरूज आहे. त्याने शेराला दिली. त्याला कुठेतरी लांब सोडा."

ते गल्लीने ऐकले. समोरच्या शांताताईंनी लगेच आपली मुले आत ओढली. कुणी म्हणाले, गोळी घाला. कॉलेजात शिकलेला मास्तर सांगतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? दहा तारखेला उषाताईंनी काळूला थाटीपूरच्या वीटभट्टीवर पाठवून दिले, मारण्यापेक्षा ते बरे म्हणून.

आता सर्वांत अवघड ते. तुम्हाला माझी रोजनिशीची सवय माहीत आहे. तुम्ही तिची थट्टा करीत असा. सात डिसेंबरला ती उघडली. १४ नोव्हेंबरखाली माझ्याच अक्षरात आहे: "शेरा दिवसभर खाजवतो." त्या दिवशी काळू उज्जैनीस तुमच्या अंगणात होता. आमच्याकडे तो प्रथम आला २२ नोव्हेंबरला. मी दोन्ही पाने पाहिली आणि वही मिटली. काळू अजून तीन दिवस छावनीत होता. कंपूहून तिथे चालत जायला मला अर्धा तास लागतो. मी गेलो नाही. बोललेला शब्द परत घेण्यापेक्षा तो खरा असावा अशी इच्छा करीत बसलो, आणि शेराला अंघोळी घालत राहिलो. रोजनिशीत मोजल्या, सत्याहत्तर भरल्या.

करीमबक्ष येऊन गेल्यावरही चौदा दिवस घेतले. शेरा पुरता बरा होऊ दे, मग सांगू, अशी स्वतःची समजूत घातली. आज सकाळी ती पुरेना, म्हणून उठलो आणि छावनीत गेलो.

दार सताड उघडे होते. एवढ्या थंडीत उषाताई दोन घोंगड्या पांघरून दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसलेल्या. मी विचारले तर म्हणाल्या, "काय करू? कडी वाजलेली मला ऐकू येत नाही. काळू होता तेव्हा तो उठायचा, मग मी उठायची. आता दूधवाला परत जातो." दीड महिना त्या अशाच बसतात. जेवतातही तिथेच.

मी म्हणालो, "उषाताई, काळूला खरूज नव्हती."

"काय?"

"काळूचा काही दोष नव्हता."

"मोठ्यानं बोला, मास्तर. त्या दिवशी बोलला होतात तसं."

तेव्हा मोठ्याने बोललो. समोरच्या गच्चीवर डाळ निवडणाऱ्या शांताताई कठड्याशी आल्या. "अब क्या निकला, मास्तर?" मी त्यांनाही सांगितले, आणि त्यांच्यामागे जमलेल्या तिघी-चौघींना. सोवळे, साबण, सत्याहत्तर. कोणीतरी हसले. हसू द्यावे.

उषाताई हसल्या नाहीत. "रोज? आणि शेरानं सोसलं?"

"सोसलं."

"माझ्या काळूनं बादली पाहून तुमची पोटरी धरली असती." मग विचारले, "तुम्हाला कळलं कधी?"

करीमबक्षांचे नाव ओठांवर आले होते. ते सांगितले असते तर खोटे ठरले नसते. मी म्हणालो, "सात डिसेंबरला."

"काळूला दहाला नेलं."

"हो."

त्यांनी घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली. म्हणाल्या, "जयसिंगला मी तुमचं नाव लिहिलं नाही. तुमची इतक्या वर्षांची दोस्ती, माझ्यामुळे का मोडावी?"

"मी लिहितो, आजच."

"लिहा. आणि ती माफीबिफी राहू द्या. मला दार लावायचं आहे."

येताना त्यांच्या दूधवाल्याला गाठले. तो थाटीपूरकडचाच. म्हणतो, गेल्या आठवड्यात काळूला भट्टीवर पाहिला. वाळला आहे, दोरीने बांधलेला असतो, पण माणूस आला की अजून भुंकतो.

जयसिंहराव, हे वाचून मला काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा. मी माझी बाजू मांडणार नाही. फाल्गुनात रजेवर याल तेव्हा शेराला पाहा. त्याला माझ्याकडे ठेवायचा की नाही, तेही तुम्हीच सांगा. तोवर त्याचा खरारा आणि तेल चुकणार नाही.

तुमच्या विश्वासाला उणा पडलेला,
शरच्चंद्र

ता. क. रोजनिशीत आजच्या पानाखाली लिहिले तेच इथे उतरवतो. उद्या सकाळी: टांगा करून थाटीपूरला जाणे व काळूला घेऊन येणे, म्हणजे उषाताईंना दार लावता येईल.