आणखी एक हंगाम

टास्मानिया, २ मार्च २०२६

ती. सारजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाही, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे पत्र. तुझी भाची आता पक्की सफरचंद तोडणारी झाली आहे. पोटाशी पिशवी, खांद्यावर शिडी आणि संध्याकाळी कामातून गेलेली पाठ. पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. सवयीनं प्रत्येक झाडाच्या शेंड्याला चार फळं पाखरांसाठी सोडत होते. मुकादमीण बाईनं सगळ्या झाडांवर परत चढवलं. इथे बागेवर जाळी असते, पाखरांना आत येऊच देत नाहीत.

सुट्टीत आम्ही डोंगरात जातो, तळ्यात होडी वल्हवतो, तंबूत झोपतो. सोबतच्या मुली तैवानच्या. त्या आपसांत हसायला लागल्या की मी उगाच स्टोव्हपाशी काहीतरी करत बसते.

एक विचारायचं होतं. मालक म्हणतो, आणखी एक वर्ष थांब. एप्रिलच्या मध्यापर्यंत सांगायचं आहे. तू म्हणशील तसं करीन.

हवं तेवढं रागाव, पण लोभ सोडू नकोस.
तुझी श्रेया


पाचोड, १८ मार्च

चि. श्रेयास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. पाखरांचं वाचून हसू आलं. आपल्याकडं माल व्यापाऱ्याचीच माणसं तोडतात, तरी शेंड्याची फळं राहावीत म्हणून मी काठी घेऊन उभी असते. तेच तू लहानपणापासून पाहिलंस, तुझा तरी काय दोष.

मृग बहराची मोसंबी व्यापाऱ्याला गेली. तोडणीवाले चार दिवस होते. त्यांच्या जेवणाचं व्यापाऱ्यानं बघायचं, पण मीच रांधून घातलं. दिवसभर त्यांची गाणी, आरडाओरडा. ते गेले आणि बाग लई शांत झाली. मोटार बंद असली तरी विहिरीकडं चक्कर मारून येते.

तू खुशाल थांब. तुझी आई गेली, तुझा बाप तुला माझ्या ओटीत टाकून पुण्याला दुसरा संसार करायला गेला, तेव्हापासून मी कुणावर अवलंबून नाय. मला मान वर करायला सवड नसते. होडीत उभी राहू नको.

आशीर्वाद पाठवलेत, जपून वापर.
तुझी आत्या


टास्मानिया, ९ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खरं सांगू? तू ‘ये’ म्हणावंस असं फार वाटत होतं. निदान चिडशील, कुणाला विचारून थांबतेस म्हणशील. तू खुशाल थांब लिहिलंस. मग म्हटलं, तुझं माझ्यावाचून अडत नाही, तर मीच कशाला रडत बसू. काल मालकाला होकार दिला, व्हिसा वाढवायचा अर्ज भरला, परतीचं तिकीट रद्द केलं.

उद्यापासून आठवडाभर जंगलातल्या पायवाटेनं जाणार, या वेळी एकटी. फोन लागणार नाही. इथे डुकराच्या पिलाएवढं एक केसाळ जनावर संध्याकाळी तंबू हुंगून जातं. त्याच्याशी मी मराठीत बोलते. तेवढंच तोंडाला मराठी.

लोभ आहे ना अजून? असेल तर कळव.
तुझी श्रेया


पाचोड, ९ एप्रिल

चि. श्रेयास अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात खुशाल थांब लिहिलं, ते तोंडदेखलं होतं. फोनवर सांगायला गेलं की ‘जेवलीस का’ एवढंच विचारते, म्हणून लिहिते. मला करमत नाय. सकाळी चहा दोघींचा टाकते आणि सगळा मीच पिते.

काल काम नसताना बाजारात गेले. भाजीवाल्या नजमुन्निसाजवळ बराच वेळ बसले. पोरगी कधी येणार, तिनं विचारलं. आमरसाच्या दिवसांत येतेय, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तिनं गल्लीभर केलं. आता जो तो विचारतो आणि मी सगळ्यांना व्हय म्हणते. तुझी गादीसुद्धा उन्हात टाकली.

त्या मालकाला नाही म्हण आणि ये. तुझ्यावाचून माझं अडतं. गावात मला खोटी पाडू नको.

तुझी आत्या