कांदेनवमीचं फूल

प्रिय फ्लोरा,

मोबाइलवर तुला लिहून लिहून पुसलं, म्हणून शेवटी आमच्या हर्षवर्धनच्या कॉलेजच्या वहीतलं पान फाडलं. फोन करायचा धीर नाही. तुझा आवाज ऐकला की मी रडेन आणि मग तूच माझी समजूत काढत बसशील, ते मला नको आहे.

कालपासून घरात तळणाचा वास आहे. हौस माझीच. तुझ्या रिचेलने पहिल्या पगारात आपल्या दोघींना हॉटेलात नेलं, ते उमललेलं कांद्याचं फूल टेबलावर आलं, आणि पाकळ्या तोडता तोडता मी जाहीर केलं की यंदा कांदेनवमीला हेच. चातुर्मासात आमच्याकडे कांदा बंद, तर निदान जाताना थाटात जाऊ दे. मुकाट्याने भजी कर, म्हणालीस. तरी काल सकाळी नंदाखालहून पिशवीभर मोठे कांदे घेऊन तूच उमेळ्याला आलीस. सुरी बुडाच्या अलीकडे थांबवायची, बूड तसंच ठेवायचं, मग कांदा बर्फाच्या पाण्यात बुडवला की पाकळ्या आपोआप सुटतात, हेही तूच शिकून आलीस. इतकी वर्षं आपण एका शाळेत शिकवलं, पण तुझ्यासारखा गृहपाठ मी कधी केला नाही.

पहिलं फूल तेलात पडलं आणि पीठ एकीकडे, कांदा एकीकडे. तोवर बाहेर जाऊबाई आणि वन्सं येऊन बसल्या होत्या. यांची ही थोरली बहीण किती कडक शाकाहारी, ते तुला ठाऊकच आहे, अंड्याच्या केकलाही शिवत नाहीत. मी गडबडले. हर्षवर्धनची जिमवाली अंडी फ्रिजमध्ये होती, पीठ धरून राहावं म्हणून ती काढली आणि दुधात फोडली. तू माझा हात धरलास, अगं तुझ्या वन्सं खात नाहीत ना, म्हणालीस. मी म्हटलं, कोणाला कळतंय. हे मी म्हटलं, फ्लोरा, तू नव्हे.

मग फुलं अशी सुरेख झाली की वन्संनी एक अख्खं एकट्यांनी संपवलं. हात धुवायला त्या आत आल्या आणि ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात त्यांना अंड्यांची टरफलं दिसली. आणि माझ्या तोंडून निघालं की अहो वन्सं, ते फ्लोराने घातलं असेल, त्यांच्यात चालतं ना. तू माझ्या शेजारीच उभी होतीस, कोपरापर्यंत पिठाने माखलेली. चुकलं माझं ताई, एवढंच तू त्यांना म्हणालीस, हात धुतलेस आणि पर्स घेऊन गेलीस. एक पाकळीसुद्धा खाल्ली नाहीस. वन्सं गुळण्या करत राहिल्या. मला मात्र कोणी एका शब्दाने बोललं नाही, उलट जाऊबाई माझीच कीव करत होत्या. मी ती करून घेतली. मला स्वतःची किळस आली.

आज दुपारी तुमच्या वाडीतला रमेश एकादशीची वेलची केळी घेऊन आला, दरवर्षीसारखी. पिशवी देताना खाली बघत म्हणाला, बाईंनी सांगायला सांगितलंय, केळी मीच उतरवली, मीच धुतली, त्यांनी हात लावलेला नाही, तुमच्या घरी चालतील. हा टोमणा नाही, मी तुला ओळखते. मला अडचण नको म्हणूनच तू सांगितलंस. टोमणा असता तर मला सोसला असता.

मी लगेच वन्संना फोन करून सगळं सांगितलं. अंडी मी फोडली, फ्लोरा नको म्हणत होती. त्यांनी फोन आपटला. आपटू देत. बाजारातून परत जाताना रमेश हे पत्र नेईल. उद्या सकाळी पहिल्या बसने मी नंदाखालला येते आहे, काही न खाता. केळ्यांची पिशवी बरोबर आणते. त्यातलं एक तू तुझ्या हाताने सोलून मला दे, माझ्या उपासाला तेवढं पुरे. नाही दिलंस तर तशीच परत फिरेन, तुला दोष देणार नाही. पिशवी दुपारपासून टेबलावर आहे, फ्लोरा. त्या केळ्यांना अजून मीही हात लावलेला नाही.

तुझीच, अजून तसं म्हणू देत असलीस तर,
मीरा