पाहुणीला नाव ठेवू नये

सोमवार, २७ फेब्रुवारी
माम्पाँगला पोचले. उद्यापासून कॉलेजच्या ग्रंथालयात रुजू. घरमालकीण एनो सेरवा एके काळची सुईण. मुलंबाळं किती, विचारलं तिने. नाहीत म्हटल्यावर कसावा कुटून केलेल्या फुफूच्या ताटात मांसाचा आणखी एक तुकडा टाकला. खोली हवेशीर आहे. कुमासीच्या डॉक्टरांच्या हार्मोनच्या गोळ्यांनी घामाच्या लाटाही थांबल्यात. बावन्नाव्या वर्षी नवी नोकरी लागली, मी खुशीत आहे.

बुधवार, १ मार्च
छाती हल्ली ठणकते. आज आंघोळीत डावीकडे गाठ लागली, शेंगदाण्याएवढी. दवाखान्यातली नर्स म्हणाली, दुखणं गोळ्यांचं असेल, गाठ मात्र तपासायलाच हवी. पुढच्या गुरुवारी सोनोग्राफी. घाबरले की मला थट्टा सुचते. बुधवारी सापडली म्हणून गाठीचं नाव ठेवलं अकुआ, आपल्याकडे बुधवारी जन्मलेल्या मुलींना ठेवतात ते.

शुक्रवार, ३ मार्च
एनोला हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "अगं, आठ दिवस पोटचं पोरही पाहुणंच. राहतंय की परत जातंय, कुणाला ठाऊक? म्हणून तोवर नाव देत नाहीत. गाठीला नावं ठेवायचीस खुशाल, नाव कशाला ठेवलंस?" म्हातारीचं काहीतरीच, म्हणत खोलीत आले.

रविवार, ५ मार्च
लिंबाएवढी झाली. चर्चमध्ये कुणीतरी आपल्या लेकीला हाक मारली, "अकुआ!" गाठ वळली. वळलीच — दुसरा शब्द नाही.

मंगळवार, ७ मार्च
तिला ठोके आहेत. माझ्या नाडीशी ताडून पाहिले, जुळत नाहीत. एनो म्हणते, उद्या आठवा दिवस, आजच मोठं इस्पितळ गाठ. पिशवी भरली. उंबऱ्यापर्यंत गेले आणि अकुआने आतून — धरलं. श्वासच —

बुधवार, ८ मार्च
दूध आलं. या वयात. मला मरायचं नाहीये. तरी पुसताना बरं वाटलं, लाज वाटते लिहायला —

गुरुवार, ९ मार्च
टॅक्सी दारात. एनो दार ठोठावतेय. कडी आम्ही — मी लावली. मी.
एनो विचारते, आत कोण रडतंय? सांगतेय, मी नाही —
उघडते. जायलाच हवं. हात कडीकडे नेते, तो छातीकडे वळतो, तिला थोपट