पाच-चाळीसची घंटी

जेल रोड, नाशिक रोड
पाडव्यानंतरचा दुसरा दिवस

प्रिय गोरक्ष,

अक्षर बघून हसू नकोस. उभा जन्म रजिस्टरात आकडे भरण्यात गेला, त्यामुळे चार ओळी सरळ लिहायच्या म्हटलं तरी हात अडखळतो. पाकीट हातात पडल्यावर तू आधी रोशनीवर खेकसशील, की मास्तर फोन सोडून कागद कशाला खराब करतायत. तुझं खरंच आहे. आपण दोघं बावीस वर्षं फोनवरच बोललो. पण हे फोनवर बोलायला गेलो, तर मी नेहमीसारखा हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवून देईन. मला मी चांगला ओळखतो.

गेल्या महिन्यात रोशनी तुझ्या कानांचा रिपोर्ट घ्यायला नामपूरहून नाशिकला आली होती, तेव्हा माझ्याकडेही येऊन गेली. केवढी मोठी दिसते रे आता! डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाली, कान ठणठणीत आहेत, या वयात असे असत नाहीत. तिसऱ्यांदा तपासणी, तिसरे डॉक्टर, उत्तर तेच. तरी तू ऐकत नाहीस. जाताना चपला घालता घालता तिने तुझा निरोप सांगितला, 'बाबांनी विचारलंय, त्या दिवशी मास्तरांनी घंटी किती वेळ दिली व्हती?' मी म्हटलं, लिहून कळवतो. त्याला चोवीस दिवस झाले. उत्तर याच पत्रात आहे, गोरक्ष. पण मला जरा वळसा घेऊन येऊ दे. शटलसुद्धा कधी सरळ आली का?

तुझी अनसूयावहिनी गेल्याला येत्या आषाढात तीन वर्षं होतील. धवल परदेशातून दर रविवारी फोन करतो, बाबा, जेवलात का विचारतो, आणि मी जेवलो म्हणतो. बाकी सहा दिवस या घरात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. परवा दूधवाल्याशी बोलायला गेलो तर घसाच बसलेला. सकाळपासून वापरलाच नव्हता. म्हणून एक वेडेपणा केलाय. महिन्याचा पास काढलाय. कामधंदा काही नाही, तरी रोज चारच्या सुमाराला नाशिक रोडला गाडीत बसतो, आपल्या छोट्या स्टेशनावर उतरतो, बाकावर बसतो आणि मिळेल त्या गाडीने परत येतो. पासवाल्यांना वाटतं मी कुठेतरी नोकरीला आहे. एकाने तर विचारलं, काका, अजून रिटायर नाही झालात? मी म्हटलं, सुटी मंजूर होत नाही.

आता शटलच्या जागी मेमू आलीय. छान पळते, डबे स्वच्छ, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली. पण कोणी कोणाशी बोलत नाही, सगळ्यांच्या कानांत बोळे. आपली शटल आठवते? गुडघ्यांवर टॉवेल ताणून चौघांचा पत्त्यांचा डाव लासलगावला सुरू व्हायचा, तो देवळालीला मोडायचा. दारात दुधाचे कॅन, कोथिंबिरीचे भारे, प्रेसमध्ये कामाला जाणारे, शाळेतल्या बाई. ती सावत्र लेकच होती रे या लाइनीची. मेल आली, हो बाजूला. मालगाडी आली, हो बाजूला. चाळीस मिनिटं लूपलाइनीत उभी करायची आणि वर पासवाल्यांच्या शिव्या मी खायच्या. कधी वेळेवर आली तर लोक स्वतःचं घड्याळ तपासायचे.

माझं आणि या लाइनीचं नातं तसं आजोबांपासूनचं. आम्ही पंचवटीतले तीर्थोपाध्ये. आजोबांच्या काळात गावातून स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम होती. आजोबा तिच्यात बसून यजमानांना आणायला जायचे आणि गाडीतून कोण उतरतंय ते पोथी वाचावी तसं वाचायचे. मी रेल्वेत लागलो तेव्हा वडील महिनाभर बोलले नाहीत. पुढे म्हणाले, आजोबा स्टेशनावर माणसं उतरवून घ्यायचे, तू नुसती जाताना बघ. बोलणं झोंबलं होतं, पण खोटं नव्हतं. त्या स्टेशनात बसून मी हजारो माणसं जाताना बघितली. एक माणूस मात्र कधी गेला नाही, तो दोन किलोमीटरवरच्या फाटकावर बसलेला असायचा आणि त्याचा नुसता आवाज यायचा.

पगाराच्या दिवशी काय ते आपण एकमेकांची तोंडं बघायचो. पण आवाजावरून मला कळायचं, आज गोरक्षची कंबर धरलीय, आज रोशनीला ताप आहे. फाटक बंद केल्याचा नंबर दिल्यावर तू एक बातमी जोडून द्यायचास. 'सत्तेचाळीस, मास्तर. आन नवरदेवाची गाडी अडकलीय फाटकात, नवरदेव लय कावलाय.' शटल गेली की तू तिकडे चहा ठेवायचास, मी इकडे, आणि फोन कानाला धरून दोघं फुर्र फुर्र करत प्यायचो. धवलच्या बारशापासून अनसूयाच्या ऑपरेशनपर्यंत सगळं मी आधी तुला सांगितलंय, मग घरच्यांना.

पुढचं तुला पाठ आहे, पण लिहिल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. नियम असा, की गाडी सोडायच्या आधी मी फोनचं हँडल फिरवून तुझ्याकडे घंटी द्यायची. तू फाटक बंद करायचंस, कुलूप लावायचंस, मग तुझ्या छापील कागदावरचा पुढचा नंबर मला सांगून त्यावर काट मारायचीस. तो आकडा तुझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नसायचा, त्यामुळे तो माझ्या रजिस्टरात आला याचा अर्थ एकच, फाटक बंद आहे. आकडा लिहायचा आणि मगच सिग्नल द्यायचा. इतका साधा नियम, आणि इतका शहाणा.

तो मोडायची युक्ती माझी. उन्हाळ कांद्याचे दिवस, फाटकावर ट्रॅक्टरची रांग, आणि तू फाटकाच्या चाकापासून फोनपर्यंत धावून धावून बेजार. मीच म्हटलं, गोरक्ष, ड्यूटीवर आलास की पाच-सहा नंबर एकदमच देऊन ठेव. मी दोन घंट्या दिल्या की तू फाटक पाड, बोलायला धावत येऊ नकोस. तू काचकूच केलीस. म्हणालास, मग निदान फाटक पडल्यावर मी एक घंटी उलटी देतो, तुमच्या जिवाला बरं. दिलीसही वर्षभर. पण ऐन कामात ती घंटी वाजली की मी वैतागायचो, आणि एकदा तुला म्हटलं, राहू दे रे ती, तुझ्यावर माझा विश्वास आहे. मोठ्या रुबाबात म्हटलं होतं. तुला बरंही वाटलं असेल.

पंधरा वर्षं झाली त्या चैत्राला. त्या दिवशी शटल वेळेवर आली, पाच-चाळीसला. तू हातपंपावर कळशी भरत होतास. फाटक उघडं होतं आणि कांद्याची ट्रॉली घेऊन गावातला फकिरा रुळांवर चढला होता. इंजीन ट्रॉलीच्या मागच्या अंगाला लागलं. फकिरा फेकला गेला, त्याच्या डाव्या पायाचे तीन तुकडे झाले. गाडीतल्या कोणाला काही झालं नाही, आणि फकिरा जगला, हे आपलं नशीब. अजून लंगडतो तो. त्या संध्याकाळी रुळांवर पसरलेले कांदे मी बघितले नाहीत. मी स्टेशन सोडू शकत नव्हतो. पण तो वास स्टेशनापर्यंत आल्यासारखा मला आठवडाभर वाटत होता.

चौकशीत माझं रजिस्टर चोख होतं. शटलपुढे तुझा नंबर, एकसष्ट. तुझ्या कागदावरही एकसष्टवर काट. साहेबांनी तुला विचारलं, हा नंबर तू दिलास का? तू म्हणालास, हो, मी दिला. तू खरंच दिला होतास, पण दुपारी दोन वाजता. तेवढे तीन शब्द तू जिभेवर येऊ दिले नाहीस, कारण ते आले असते तर माझी नोकरी गेली असती. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. धवलच्या शिक्षणाचं कर्ज, अनसूयाचं औषध, रिटायरमेंटला उरलेली सहा वर्षं, सगळं त्या एका मिनिटात माझ्या डोक्यात येऊन बसलं आणि मी मान खाली घातली. तुझं फाटक काढून घेतलं आणि तुला पार मनमाडच्या पलीकडे रूळ दुरुस्तीच्या गँगवर घण मारायला पाठवलं. वयाच्या पन्नाशीत.

जायच्या आदल्या दिवशी तू स्टेशनात आलास. हातात मेथीची जुडी होती. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरतो. तू म्हणालास, 'मास्तर, माझ्यापायी तुमाला लय ताप झाला.' आणि मग खालच्या आवाजात, 'घंटी दिली व्हती ना तुमी? मला ऐकूच नाय आली.' मी म्हटलं, दिली होती रे. तू मान हलवलीस आणि स्वतःच्या कानफटात दोनदा मारून घेतलंस. मी ते बघितलं आणि तुझ्या हातातली मेथी घेतली. त्यानंतर दर दिवाळीला मी तुझ्याकडे लाडू पाठवत राहिलो, आणि तू गावभर सांगत राहिलास, की मास्तर देवमाणूस. अनसूयालाही तसंच वाटायचं. तेच समजत ती गेली.

परवा आपलं फाटक कायमचं बंद झालं. खालून रस्ता काढलाय, ट्रॅक्टर आता रुळांखालून जातात. मी पासावर जाऊन बघून आलो. तुझ्या खोलीचं दार काढून नेलंय. आत भिंतीवर फोनच्या जागी चार खिळ्यांची भोकं आणि एक फिकट चौकोन उरलाय. तिथे बराच वेळ उभा राहिलो. उद्या-परवा ती भिंतही पाडतील. मग त्या दिवसाच्या साक्षीला कोणीच उरणार नाही, एकटा मी सोडून. आणि माझाही भरवसा आता किती धरायचा.

म्हणून लिहितोय. त्या दिवशी साडेपाचच्या सुमाराला धवलचा मोबाइलवर फोन आला होता, त्याला पहिली नोकरी लागल्याचा. मी आनंदाने खुर्चीतून उठलोच. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पेन. तशातच शटलची वेळ झाली. मी एकसष्ट लिहिलं, सिग्नल दिला आणि परत धवलशी बोलत बसलो. अपघाताची बातमी आली तेव्हा, देवाशपथ सांगतो, मलाही वाटलं की मी घंटी दिलीय. मग फोनकडे लक्ष गेलं. आधीची गाडी गेल्यावर डबा खाल्ला, तेव्हा रिकामी पिशवी मी फोनच्या हँडलला अडकवली होती. ती तशीच लटकत होती. हँडल एकदा जरी फिरलं असतं, तर पिशवी खाली पडली असती. मी ती काढली, घडी केली आणि बॅगेत टाकली. अजून माझ्याकडे आहे. घंटी वाजलीच नव्हती, गोरक्ष. थोडी नाही, लांब नाही, एकदासुद्धा नाही. तुझे कान तेव्हाही नीट होते. हेच सगळं मी रेल्वेच्या ऑफिसात लिहून दिलंय, त्याची नक्कल सोबत जोडलीय, ती रोशनीला वाचायला दे. फकिराकडे या आठवड्यात जातो आणि त्याच्या तोंडावर सांगतो. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. आता रोज पाच-चाळीसला मी घरीच फोन समोर ठेवून बसेन. शिव्या घालायच्या असल्या तर मनसोक्त घाल, मी ऐकेन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. नुसती एक घंटी देऊन फोन ठेवून दे, पूर्वी द्यायचास तशी. ती मीच तुला बंद करायला लावली होती.

तुझाच,
ढुंढिराज