पेलाभर पाणी

दि. ९ जून, दुपार

प्रिय धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. प्रभुकृपेने इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. तुझ्या भावोजींचा गुडघा आहे तसाच, पडदे धुऊन झाले. तुझ्या मंडळीचा खोकला थांबला असेलच. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिते आहे, हसू नकोस. एवढा चांगला कागद टाकवत नाही.

पत्र आणि फोटो मिळाले. टाकीत छातीभर पाण्यात बाप्तिस्मा घेताना तू, शेजारी तुझ्या नव्या पंथाचे पास्टर. "चाळिशीत याला आंघोळ घालायची वेळ आली होय!" भावोजी म्हणाले. मी हसले नाही.

आता तुझे मुद्दे. तू लिहितोस, "तान्ह्या बाळाला काय कळतं? आधी विश्वास, मग पाणी. तुम्ही माझं नुसतं डोकं ओलं केलंत." अरे, दूध पाजताना बाळाची संमती कोण घेतं? कृपा देवाची, आपल्या कमाईची नाही, हे तर तुम्हीच मोठ्याने सांगता. मग ती तान्ह्याला का मिळू नये? शास्त्रातल्या त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने अख्ख्या घरादारासकट बाप्तिस्मा घेतला. त्या घरात पाळणा नव्हता कशावरून? होता असंही लिहिलेलं नाही, हे मान्य.

बाप्तिस्मा एकदाच होतो. पुसला जात नाही, पुन्हा करायचा नसतो. आणि देणारा कोण, यावर तो अडत नाही. जीव जायची वेळ असली आणि फादर नसले, तर कुणीही देऊ शकतं, अगदी आपल्या धर्माचं नसलेलंसुद्धा. पाणी हवं, चर्चचा जो हेतू तोच हेतू हवा, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने म्हटलेले ते शब्द हवेत. यातलं एक जरी राहिलं, तर नुसतं डोकं ओलं.

हे शब्द तुझेच. दोन दिवस मी तेच घेऊन बसले आहे.

तुझा बाप्तिस्मा मी केला, हे तुला ठाऊक आहे. घरात त्याचं केवढं कौतुक! मी अकरा वर्षांची, धर्मशिक्षणात पहिली. तू जन्मलास तो निळा. आई शुद्धीवर नव्हती, बाबा डॉक्टरांना आणायला धावले होते. सुईण म्हणाली, "पोरी, तुमच्यात काय करतात ते कर लवकर!" मी पेलाभर पाणी आणून तुझ्या डोक्यावर ओतलं. तू रडलास. इथवर सगळ्यांना माहीत आहे.

पाणी ओतताना मी रोजच्या प्रार्थनेतलं, मारियामातेचं 'नमो मारिया' म्हटलं. सुरुवातीपासून आमेनपर्यंत, आणि तेवढंच. भीतीने तोंडात तेच आलं.

संध्याकाळी फादर आले. "शब्द नीट म्हटलेस ना?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाप्तिस्म्याच्या वहीत नोंद केली. राहिलेले विधी पुढे देवळात झाले. पाणी पुन्हा घातलं नाही. तुझं पहिलं कम्युनियन, तुझं लग्न, सगळं त्या एका 'हो'वर उभं राहिलं. फादरांपुढे पापांच्या कबुलीला मी नेमाने जाते. तिथेही जीभ इथवर येऊन मागे फिरते.

मारियेला मध्ये आणतो म्हणून तू आम्हाला चार पानं सुनावली आहेस. तुझ्या बाबतीत ती खरोखरच मध्ये आली होती.

तर आता वाद बाजूला ठेव आणि एवढं सांग. तुला बुडवताना तुमच्या पास्टरांनी नेमके कोणते शब्द म्हटले? काही मंडळ्या एकट्या येशूचं नाव घेतात. ते आमच्यात धरत नाहीत. तिन्ही नावं घेतली असतील, तर तो बाप्तिस्मा आमचे फादरही खरा मानतात. आठवत नसेल तर पास्टरांना विचार. ताईने विचारलंय म्हणून सांग, मला कमीपणा नाही.

तिन्ही नावं घेतली असतील, तर त्या टाकीबद्दल माझं काही म्हणणं नाही. उत्तर आलं की कबुलीला जाईन, काहीही आलं तरी.

फक्त खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. तसलं एक 'हो' आपल्या घराला पुरे झालं.

तुझं डोकं ओलं करणारी,
ताई