चार नंबरचा वाफा

६ मार्च, रविवार
१. चार नंबरला ऑक्टोबरपासून पाणी नाही. वहीप्रमाणे.
२. पाऊस एकूण ३१ मिलिमीटर. शेवटचा २ फेब्रुवारीला.
३. अरफजची जिवंत झुडपं — एक नंबरमध्ये (पाणी दिलेला) १९१, चार नंबरमध्ये १८७. निम्म्याहून जास्त फुलांवर.
४. कारण — दव?
प्रश्नचिन्ह खोडलं. रियाधला पाठवून दिलं.

८ मार्च
संचालक डॉ. फव्वाज रियाधहून आले. चार नंबरपाशी उभे राहून फोटो काढून घेतले. पिवळ्या फुलांत त्यांचा पांढरा पायघोळ थोब.
“जुमाना, बिनपाण्याचं बियाणं! हेच तर शोधत होतो.” पुढच्या पावसाआधी हेच बियाणं सहा हजार हेक्टरवर टाकायचं. २४ तारखेला पेरणीच्या करारावर सही.
पहारेकरी अबू मुतलक कॉफी ओतत होता. म्हणाला, “आमच्या वेळी उंट मोजायचे. आता सरकार चारा मोजायला पगार देतं!” डॉ. फव्वाज हसले. मी नाही.
१९१ आणि १८७. फरक फारच कमी.

९ मार्च
वारा. मोजणी नाही.

१३ मार्च
चार नंबरमध्ये वीतभर खणलं. माती ओली. दव इतकं खोल जात नाही. दुसरीकडे खणलं. तिथेही ओली.

१४ मार्च
फज्रच्या नमाजानंतर लगेच गेले. अबू मुतलक चार नंबरमध्येच होता. एका हातात डबा, पिकअपमध्ये तीन कॅन. प्रत्येक झुडपाच्या बुडाशी थोडं थोडं ओतत होता. लपला नाही. उलट म्हणाला, “ये पोरी, सकाळ आनंदाची! चहा केलाय.”
“काका, हे काय चाललंय?”
“पाणी घालतोय. दिसत नाही का?”
“कधीपासून?”
“थंडी सुरू झाली तेव्हापासून. आठवड्यातून दोनदा. आमच्या घरच्या टँकरमधलं, तुमच्या टाकीला हात लावलेला नाही. म्हातारी म्हणते, आता झाडांशीच निकाह लाव!”
“पण चार नंबरलाच का?”
तो माझ्याकडे बघतच राहिला. “तूच तर सांगितलंस. मी विचारलं होतं, हा कुठला? तू म्हणालीस, हा तहानलेला.”
आम्ही कोरड्या वाफ्याला तहानलेलाच म्हणतो. सगळे म्हणतात. मीही तेच म्हटलं असणार.
“काका, ते नुसतं नाव आहे.”
“नाव? तहानलेला आहे म्हणून कानावर घातल्यावर माणसानं काय हात बांधून बसायचं? मला वाटलं, पोरगी शहरातली. तोंडानं मागायला लाजते.”
मी चहा घेतला. साखर फार होती. उरलेला कॅन त्यानं झुडपांवर संपवला.

१६ मार्च
नियम सात — प्रयोगाच्या जागेत ढवळाढवळ करणाऱ्याला तत्काळ कामावरून काढणं. त्याचं घर कुंपणाच्या आत आहे, नोकरीबरोबर मिळालेलं. नोकरी गेली की घर गेलं.
डॉ. फव्वाजना फोन केला. सगळं ऐकून घेतलं. मग — “दोन वाटा आहेत. पहारेकऱ्यानं परस्पर पाणी घातलं असं लिही, मी त्याला काढतो. नाहीतर तू त्या सकाळी तिकडे गेलीच नव्हतीस.”
दुसऱ्या वाटेनं गेलं तर सहा हजार हेक्टरवर बियाणं रुजेल, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात पाण्यावाचून वाळेल.
“विचार कर,” म्हणाले. “तुझ्या नावावरचा हा पहिलाच निकाल आहे.”

१७ मार्च
मसुदा एक: ‘पहारेकऱ्याने परस्पर’. वाक्यात चूक नाही. पाठवलं नाही.

१८ मार्च
शुक्रवार. अबू मुतलककडे जेवायचं बोलावणं. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

२० मार्च
सकाळी ८.१० ला पाठवलं. नक्कल:
‘चार नंबरच्या वाफ्याला हिवाळाभर पाणी दिलं गेलं. सूचना माझी होती. तोंडी, ऑक्टोबरात. पहारेकऱ्यानं ती पाळली. निकाल रद्द धरावा, पेरणी थांबवावी. नियम सात मला लागू होतो. माझ्या जागी कोण येणार, ते गुरुवार २४ मार्चपर्यंत कळवावं.’